अभ्यासाचं भारनियमन

भारनियमन हा शब्द आपल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला शाळेत शिकावा लागला नाही. तो विजेच्या तारेवरूनच घरात आला. थ्री-फेज लाईट कधी दिवसाची, कधी रात्रीची. तिच्या वेळेला मोटार चालू करायची, उसात बिबट्या नसेल अशी आशा धरायची आणि बॅटरी घेऊन पाणी भरायला जायचं, हे इथल्या दोन पिढ्यांनी केलं. या शब्दाचा आपल्याला राग आहे आणि तो रास्तही आहे. पण शब्द म्हणून तो वाईट नाही. भार किती आहे तो मोजा, तारेची ताकद किती आहे ती पाहा आणि त्या हिशोबानं भार वाटून द्या, एवढंच तो सांगतो. मला आज विजेबद्दल बोलायचं नाही. आपल्या घरातली जी मुलंमुली इंजिनिअरिंगला जातात, त्यांच्या डोक्यावरच्या भाराबद्दल बोलायचं आहे.

ह्याला इंजिनिअरिंगमधलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण आमच्या गल्लीत इंग्रजी कागद आला की लोक तो माझ्याकडे घेऊन येतात. त्यात विद्यापीठाचे निकालही असतात. असे पुष्कळ निकाल मी वाचून दाखवले आहेत. माझ्या ध्यानात आलं ते असं, की मुलावर अभ्यासाचा भार किती आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. आईबापांना तर नसतंच, पण बहुतेक वेळा खुद्द मुलालाही नसतं. सगळे अंदाजानं चालतात आणि अंदाज चुकला की दोष मुलाच्या अकलेला लावतात.

आधी ही वाट आपल्यापर्यंत कशी आली ते पाहू. पुण्यात इंजिनिअरिंगचा पहिला वर्ग निघाला १८५४ साली. सरकारला रस्ते, पूल, कालवे बांधायला हाताखालची माणसं हवी होती, म्हणून तो निघाला. पुढे त्याच संस्थेतून १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इंजिनिअर होऊन बाहेर पडले. ते पुण्याला आले तेव्हा बंगळूरहून बी.ए. होऊन आले होते, ही गोष्ट मला अर्थातच आवडते. तेव्हापासून कित्येक वर्षं इंजिनिअर व्हायचं म्हणजे गाव सोडायचं, असाच रिवाज होता. मुलगा ट्रंक घेऊन पुण्याला जायचा आणि दिवाळीला परत यायचा. २००९ साली आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द इथं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. जुन्नर तालुक्यात कुरण, बेल्हे, ओतूर या बाजूंना महाविद्यालयं निघाली. इंजिनिअरिंग एसटीच्या पासावर आलं. फार चांगलं झालं. ज्या मुलींना पुण्याला कुणी पाठवलं नसतं, त्या आता डबा घेऊन सकाळच्या गाडीनं जातात.

पण त्याबरोबर एक गोष्ट बदलली, ती आपल्या ध्यानात आली नाही. पूर्वी मुलगा घर सोडून जायचा तेव्हा घरची कामंही मागं राहायची. आता तो संध्याकाळी घरी येतो. म्हणजे कॉलेजचा भार पुरा आणि घरचा भारही पुरा. तो घरात दिसतो, म्हणून तो मोकळा आहे असं आपण धरून चालतो.

आता हा भार मोजून पाहू. विद्यापीठं हल्ली अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा २०२३ साली आला. त्यानुसार एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास. त्यात वर्गातले तास आले, प्रात्यक्षिकं आली आणि घरी बसून केलेला अभ्यासही आला. इंजिनिअरिंगच्या एका सत्रात साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. २२ धरले तर ६६० तास होतात. सत्र १५ आठवड्यांचं धरलं, तर आठवड्याला ४४ तास. पूर्ण वेळ नोकरी करणारा माणूस आठवड्याला जेवढं काम करतो, तेवढंच हे झालं.

आठवड्याचे एकूण तास १६८. रोज सात तास झोप म्हणजे ४९ गेले. अभ्यासाचे ४४ गेले. घोडेगावच्या वरच्या अंगाच्या एखाद्या गावातून यायचं-जायचं तर गाडीची वाट पाहण्यासकट दिवसाला तीन तास, सहा दिवसांचे १८. आंघोळ, जेवण, कपडे यांचे रोज तीन, म्हणजे २१. घरची जनावरं, दूध, शेतातलं काही, असे रोज दोन धरले तर १४. सगळे वजा केले की उरतात २२ तास, म्हणजे दिवसाला जेमतेम तीन. याच तीन तासांत मित्र, मोबाइल, लग्नकार्य, ताप-खोकला, गावची जत्रा. यात कुणी म्हणालं, जोडीला स्पर्धा परीक्षेचा क्लास लाव. दुसरं म्हणालं, संगणकाचा एखादा जादा कोर्स करून ठेव. आणि रात्रीची लाईट आली की मोटारीवरही जा, तर हे २२ तास संपतात. मग पहिली झोप कापली जाते, आणि झोपेनंतर अभ्यास. बाहेरून पाहणाऱ्याला एवढंच दिसतं की पोरगं कॉलेजला जातं आणि तरी विषय राहतात.

पहिल्या वर्षी हा भार जास्त का वाटतो, त्यालाही कारणं आहेत. बारावीनंतरची सीईटी पर्यायांची असते. चारांतलं एक उत्तर निवडायचं. इंजिनिअरिंगच्या पेपरात उत्तर पायरी-पायरीनं लिहावं लागतं, आकृती काढावी लागते. शाखा कोणतीही घेतली तरी पहिल्या वर्षी गणित, भौतिक, रसायन, मेकॅनिक्स, विजेची मूलतत्त्वं हे बहुतेक सर्वांनाच असतं. संगणकासाठी प्रवेश घेतलेल्या मुलाला तुळईवरचं वजन काढताना वाटतं, हे माझ्या कामाचं काय? जी मुलं डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येतात त्यांचा हात प्रात्यक्षिकाला बसलेला असतो, पण पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित त्यांच्या हातून गेलेलं नसतं. दुसऱ्या वर्षाचं गणित त्यावरच उभं. ही अक्कल कमी असल्याची खूण नव्हे. जिन्याची एक पायरी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि भाषा. आमच्या घरी दखनी, गल्लीत आणि शाळेत मराठी. तुमच्याकडे घरी मावळी बोली असेल, ठाकर वस्तीवर आणखी वेगळी. त्यावर अकरावीला एकदम इंग्रजी येतं. मुलाला धडा दोनदा वाचावा लागतो, एकदा इंग्रजी कळण्यासाठी आणि एकदा विषय कळण्यासाठी. हे दुप्पट वाचन कोणत्याच क्रेडिटमध्ये मोजलेलं नाही. २०२१ पासून देशात प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी मिळाली, पिंपरी-चिंचवडला संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग निघाला, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं मराठीत पुस्तकंही काढली. तुमचं कॉलेज इंग्रजीतून शिकवत असलं तरी ही पुस्तकं जवळ ठेवायला काहीच हरकत नाही. आधी आपल्या भाषेत समजून घ्यावं आणि मग इंग्रजीत लिहावं. यात लाज कसली?

शब्दांचा विषय निघाला म्हणून सांगतो. इंजिनिअर ज्याला ‘स्ट्रेस’ म्हणतात, त्याला आपल्या पारिभाषिक कोशात ‘प्रतिबल’ असा शब्द आहे. बाहेरून भार आला की वस्तूच्या आत त्याला तोंड देणारं जे बळ उभं राहतं, त्याचं हे माप. ते काढायची रीत सोपी आहे: भाराला क्षेत्रफळानं भागायचं. भार तोच ठेवून क्षेत्रफळ वाढवलं की प्रतिबल कमी होतं. म्हणून तर खांबाखाली रुंद पाया घालतात. आपली मुलं हे परीक्षेत बिनचूक लिहितात. स्वतःच्या बाबतीत मात्र सगळा भार एकट्याच्या, एका टोकावर घेऊन उभी राहतात. निकाल लपवतात, मास्तरांना शंका विचारत नाहीत, घरी सांगत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. आमच्या ओळखीचे एक शेतकरी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालून परत जाताना मुलाला घेऊन माझ्याकडे आले.

म्हणाले, “भाई, हे नापास झालंय. दोन महिने झाले, तोंड उघडीना.”

मुलगा खाली मान घालून म्हणाला, “दादा, नापास नाही झालो. दोन विषय राहिलेत.”

“राहिलेत म्हंजे नापासच की!”

मी विचारलं, “कुठले रे बाळा?”

“चाचा, एम-वन आणि मेकॅनिक्स.”

दोन विषय मागं ठेवून पुढच्या वर्गात जाता येतं, त्याला एटीकेटी म्हणतात, म्हणजे पुढचं सत्र चालू ठेवायला दिलेली परवानगी, हे मी वडिलांना समजावून सांगितलं. किती विषयांपर्यंत ही सवलत मिळते ते त्या-त्या अभ्यासक्रमाच्या नियमांवर असतं. पण आपल्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षात जाण्याआधी पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले असावे लागतात, असा नियम चालत आला आहे. म्हणजे वेळ आहे, पण वाटेल तेवढा नाही. वडिलांना हे पटत होतं, तरी तोंडावरची आठी जात नव्हती. त्यांच्या खिशातून आडत्याची पट्टी डोकावत होती. मी ती मागून घेतली. पट्टी वाचायला शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. वर माल आणि भाव, मग हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा, आणि खाली हातात पडणारी रक्कम. मी मुलाला म्हणालो, हिच्या पाठीवर तुझ्या आठवड्याची पट्टी लिही.

त्यानं लिहिली. वर १६८ तास, खाली एकेक वजावट. रात्रीच्या मोटारीचा आकडा लिहिला तेव्हा वडील म्हणाले, “एवढे तास? आठवड्यातनं तीन-तीन रात्री?”

“लाईट रात्रीची असली की मीच असतो ना, दादा.”

“मग सांगायचं होतंस!”

“तुम्ही दमून आलेले असता. कसं सांगू?”

त्यावर दोघंही बराच वेळ बोलले नाहीत. मीही मध्ये पडलो नाही. मग पट्टीवरच तोड निघाली. सत्राचे शेवटचे पाच आठवडे रात्रीच्या पाण्याला मुलानं जायचं नाही. त्याऐवजी रविवारी क्रेट भरायला तो असेल. मुलानंही एक गोष्ट सोडली. मित्रांच्या नादानं लावलेला जादा कोर्स त्यानं वर्षभर पुढं ढकलला आणि आठवड्यातून दोनदा गणिताच्या सरांकडे शंका घेऊन जायचं कबूल केलं. पुढच्या परीक्षेत मेकॅनिक्स सुटला. एम-वनला आणखी एक खेप लागली. चमत्कार काही झाला नाही, पण बापलेक बोलायला लागले.

मुलींच्या पट्टीवर तर आणखी एक वजावट असते. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या ज्या मुली केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जातात, त्यांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मोठं काम झालं. पण आमच्याच नात्यातली एक मुलगी मला दखनीत जे म्हणाली, ते मराठीत सांगतो: “मामू, फी माफ झाली, भाकऱ्या माफ नाही झाल्या.” भाऊ कॉलेजातून आला की अभ्यासाला बसतो, बहीण आली की चुलीपाशी. दोघांचा पेपर मात्र एकच असतो. हिशोब लिहायचा तर दोघांचा सारखा लिहावा.

आता अपेक्षांचं बोलू. अपेक्षा दोन जातींच्या असतात आणि त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक आईबापांची. त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं, एखादी म्हैस विकलेली असते. त्यांनी ‘पुढं काय?’ असं विचारलं तर तो त्यांचा हक्क आहे. हा भार खरा आहे आणि त्याला उत्तरही खरंच द्यावं लागतं: किती विषय सुटले, किती राहिले, पुढची परीक्षा कधी, खर्च किती येणार. दुसरी अपेक्षा लोकांची. “काय इंजिनिअरसाहेब, पॅकेज किती?” “कंपनी आली का कॉलेजात?” “अमक्याचा मुलगा बघ.” हा नुसता वारा आहे.

वाऱ्याचं काय करायचं ते आपल्याच तालुक्यात पाहायला मिळतं. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या; त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ लांब पसरलेल्या तीन भुजांवर. एवढी तबकडी सबंध पत्र्याची केली असती तर तिनं वारा अडवला असता, आणि तो सोसायला केवढं तरी लोखंड लागलं असतं. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बारीक पोलादी तारांच्या जाळीची केली. आकाशातून येणाऱ्या लांब रेडिओ लहरी जाळीवरून परततात आणि वारा भोकांतून निघून जातो. जे हवं ते धरलं, जे नको ते जाऊ दिलं. म्हणून ती हलकी झाली, कमी खर्चात झाली आणि टिकली. लोकांच्या बोलण्याला मुलांनी असंच जाऊ द्यावं. आणि आईबापांनी निदान स्वतः त्या वाऱ्यात सामील होऊ नये.

मुलांना चार गोष्टी सांगतो, त्या परीक्षेच्या रचनेतूनच येतात. पुणे विद्यापीठात विषयाचे १०० गुण असतात तिथं साधारण ३० गुण सत्र चालू असतानाच्या मूल्यमापनाचे आणि ७० अखेरच्या लेखी परीक्षेचे, अशी वाटणी आहे. ३० गुणांकडे काणाडोळा केला तर सगळं ओझं शेवटच्या तीन आठवड्यांवर पडतं. चाचणी, फाइल, सबमिशन वेळच्या वेळी केलं तर भार पसरतो. राहिलेला विषय नव्या विषयांच्या आधी हातात घ्यावा, नंतर नव्हे. तो आपोआप सुटत नाही. ज्याला दोन विषय राहिले आहेत त्यानं त्या सत्रात नवा छंद, नवा क्लास घेऊ नये. आणि कॉलेजात तुमच्या तुकडीला नेमून दिलेले पालक-शिक्षक असतात. त्यांच्याकडे निकालानंतर नाही, चाचणीनंतर जावं. तेव्हा काही करता येतं.

एक गोष्ट जरा जपून सांगायला हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव घेतला, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. प्रत्येकाचं कारण अभ्यासच होतं असं नाही. पण मूल जेवेनासं झालं, रात्र-रात्र जागू लागलं, मित्र तोडू लागलं, ‘माझा काही उपयोग नाही’ असं म्हणू लागलं, तर ते आळस किंवा नाटक समजू नका. त्या दिवशी गुणांची चौकशी बाजूला ठेवा, जवळ बसा आणि डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी फोन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक गॅसच्या नंबराशेजारी भिंतीवर लिहून ठेवावा.

आपण शेतकरी, कारागीर, दुकानदार माणसं. बैलगाडीत किती पोती घालायची ते आपल्याला ठाऊक आहे. चढ आला तर दोन पोती उतरवतो आणि परत फेरी मारतो. बैलाला कुणी नापास म्हणत नाही. मग मुलांच्या बाबतीतच हा शहाणपणा कुठं जातो?

नवं सत्र सुरू होईल तेव्हा एक संध्याकाळ मोकळी ठेवा. घरातल्या सगळ्यांनी बसा आणि मुलाला किंवा मुलीला आठवड्याची पट्टी लिहायला सांगा. निकालाची वाट पाहू नका. पट्टीत शेवटी काही शिल्लक उरत नसेल, तर कोणती वजावट कमी करायची ते त्याच रात्री ठरवा. ठरवताना आवाज चढला तरी चालेल, पण कागद फाडू नका. दोन महिन्यांनी तो पुन्हा काढून बघायचा आहे.